पांढरीतलं पेव

"घरात मीठ किती दिवसाचं हाये?"

सरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि माझ्या नेमणुकीच्या कागदावरचा शिक्का इतका नवा होता की शाई पसरून गेली होती. तो कागद धरून मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. मंठ्याहून दोन एस.टी. बदलून, शहागडच्या अलीकडे हमरस्त्यावर उतरून, तिथून बैलगाडीनं गोदावरीच्या काठापर्यंत आम्ही आलो होतो, मी आणि वडील. वडिलांच्या खांद्यावर माझी वळकटी होती. समोरून एक उंच, वाळका माणूस आला, माझ्याकडे नीट बघितलं आणि मिठाची चौकशी केली.

वडील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हा कोन येडा हाये? हेडमास्तर तर न्हाई ना?"

हेडमास्तर नव्हते. इतिहास शिकवणारे सर होते. आणि गावात एकट्या मास्तरणीला राहता येईल अशी एकच खोली होती, ती नेमकी त्यांच्या घराची पुढची खोली निघाली. "खोली देतो," ते म्हणाले, "पन सामानात मीठ आधी आना. बाकीचं मागून आलं तरी चालंल."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. विज्ञान शिकवायला आले होते. त्या खोलीत मी सहा वर्षं काढली. आज कुणी त्या शाळेची आठवण काढली की लोक सरांच्या गमती सांगतात आणि मीही हसते. पण त्यांच्या प्रत्येक गमतीच्या पोटात भीती होती. ती मला पहिल्या वर्षातच दिसायला लागली आणि पुढं तीच मला लागली.

सर भित्रे होते. हे शाळेतलं पहिलीचं पोरसुद्धा सांगायचं. विहिरीच्या काठाशी ते जात नसत, आडात डोकावत नसत. रोज सकाळी मात्र नदीवर जायचे आणि काठावर रोवलेल्या एका खुंटीपासून पाणी किती लांब आहे ते पावलांनी मोजून यायचे. पावसाळा असो, उन्हाळा असो. एकदा मी विचारलं, कशासाठी हे?

"नदी सरकती, बाई. एका रातीत न्हाई, हळूहळू सरकती. लोकायला कळत न्हाई. अन् एक दिवस बायका घागरी घेऊन जातात तर तिथं नुसती वाळू."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मी त्या दिवशी संध्याकाळी हापशावर पाणी भरायला गेले तेव्हा मुद्दाम नदीकडे बघितलं नाही.

वर्गात राजांची नावं पाठ करून घेणं त्यांना जमत नसे. खिशातून ज्वारीची मूठ काढून टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, "हे कोन हाये?" पोरं ओरडायची, "ज्वारी!" सर मान हलवायचे. "हा राजा हाये. बाकीचे राजे ह्याच्या मागून आले." मग ते सांगायला लागायचे आणि शेजारच्या वर्गात शिकवता शिकवता मी थांबायची. मधली भिंत नावापुरतीच होती.

"मानूस शिकार करून खात हुता तवर त्याला मिठाची फिकीर न्हवती. मांसात मीठ असतं. मंग त्यानं दाना पेरला, भाकर खायाला लागला, अन् मीठ कमी पडायला लागलं. दाना इथं काळ्या मातीत, मीठ तिकडं समुद्राकाठी. करावं काय? बैलाच्या पाठीवर गोनी टाकली. बैल चालला तिथं वाट झाली. बैल थकला तिथं मुक्काम झाला. मुक्कामाला पानी पाजनारा बसला, गोनी राखनारा बसला, राखनाऱ्यावर नजर ठिवनारा बसला. झालं शहर. आता सांगा, शहर कोनी वसवलं?"

"बैलानं!"

"बराबर," सर म्हणायचे. हसायचे नाहीत.

कधी चिकणमातीचा गोळा आणायचे आणि काडीनं त्यावर रेघा ओढायचे. माणसानं पहिलं अक्षर काढलं ते देवासाठी नाही की गाण्यासाठी नाही. इराकाकडच्या जुन्या शहरांत सातूची पोती कोणाच्या कोठारात गेली ते विसरू नये म्हणून मातीच्या वडीवर खुणा केल्या, तिथून लिहिणं सुरू झालं, असं ते सांगायचे. कापूस, तेल, शंख, माती. रोज हाताखाली येणारी वस्तू घ्यायची आणि तिच्यातून एक अख्खं शहर उभं करायचं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. पण प्रत्येक तास एकाच जागी येऊन संपायचा. ते शहर गेलं कसं. मीठ यायचं बंद झालं, दाणा किडला, नदी सरकली. सर खडू ठेवायचे आणि खिडकीतून गावाकडे बघायचे, आणि तीस-चाळीस पोरं त्यांच्याबरोबर गप्प होऊन गावाकडे बघायची.

एकदा त्यांनी नववीच्या वर्गाला सांगितलं, एक दिवस घरात कोणी मीठ खायचं नाही आणि काय झालं ते लिहून आणायचं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या दारात चार बाप उभे. सरांना समज मिळाली. पण वह्या आलेल्या होत्या. एका मुलीनं लिहिलं होतं, "बापानं ताट फेकलं, आई रडली, आजोबा उठून दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले." सरांनी त्याखाली लाल शाईनं लिहिलं, "राज्यं अशीच मोडतात." शिक्षकांच्या खोलीत ती वही फिरली, सगळे पोट धरून हसले. मीही हसले. घरी आल्यावर काकूंना सांगितलं.

काकू म्हणजे सरांची बायको. अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"त्यांला हसू नको, माय," त्या म्हणाल्या. "निजामाचं राज जायच्या आधीचं साल. ते दहा वर्सांचे हुते. चहूकडून वाटा बंद झाल्या, मीठ येईना. घरात खडा न्हाई. सासूबाई वढ्याकाठची खारी माती खरवडून आनायच्या, पान्यात कालवायच्या, गाळायच्या, त्या पान्यात आंबील शिजवायच्या. त्यांची धाकटी बहीन हुती, तीन वर्सांची. त्या पान्यानं तिला हगवन लागली. चार दिवसात गेली. ह्यांच्या मांडीवर."

बोटांनी खडे वेचणं चालूच होतं.

"मी लगीन होऊन आले तर माजघरात मिठाचे सात रांजन. माझ्या बापाला वाटलं, पोरगी मिठाच्या यापाऱ्याला दिली का काय."

त्यानंतर मला त्यांच्या प्रश्नाचं हसू आलं नाही. उलट झालं. मी स्वतः डबा उघडून बघायला लागले. मंठ्याला घरी गेले की बाजारातून मिठाची पुडी आणायची. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, दुकानाच्या बंद फळ्या बघितल्या की मला वाटायचं, उद्या उघडल्याच नाहीत तर? शिकलेली मुलगी मी, विज्ञानाची पदवी घेतलेली. पण भीती शिकवणीसारखी लागते. रोज शेजारी बसून कुणी शिकवली की येते.

पाटाचं पाणी आमच्या भागात नवं होतं. धरणाच्या कालव्यानं ज्यांची रानं भिजली ते लोक खुशीत होते. एका हिवाळ्यात सर मला आणि शिपाईमामांना घेऊन कालव्याकडच्या एका शेतात गेले. उसाच्या कडेला जमिनीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसत होती. सर गुडघ्यावर बसले, बोटानं ती उचलली आणि जिभेवर ठेवली. त्यांचा चेहरा उतरला.

"मीठ फुटून राह्यलं," ते शेतकऱ्याला म्हणाले. "पानी कमी दे. न्हाई तर चर खांदून निचरा कर. इराकाकडची पहिली शहरं अशीच गेली. पाटाचं पानी पाजू पाजू रानात मीठ वर आलं, गहू जळला, मंग सातू जळला, मंग मानसं गेली."

शेतकरी भला माणूस होता. त्यानं आम्हाला ऊस खायला दिला आणि म्हणाला, "सर, तुमाला मीठ न्हाई भेटलं तरी भेव, अन् भेटलं तरी भेव. आमी करावं काय?" मामा खो खो हसले. सर हसले नाहीत. चार-पाच वर्षांनी त्या रानात ऊस उगवेनासा झाला, पण तोवर कुणाला त्यांचं बोलणं आठवत नव्हतं.

शिपाईमामा हे सरांचे एकुलते एक दोस्त. धिप्पाड, हसरे, पस्तिशीचे असतील. शाळेची घंटा त्यांच्याकडे होती. मनगटाला घड्याळ नाही, पण व्हरांड्याच्या खांबाची सावली बघून बराबर टोले द्यायचे. दुपारची भाकर रोज सरांच्या घरी. काकूंना सख्खा भाऊ नव्हता. त्या मामांना राखी बांधायच्या आणि त्यांच्या भाकरीवर तेलाची धार जरा जास्तच सोडायच्या.

सर आणि मामा मिळून जायचे ते पांढरीच्या टेकाडावर. आमच्याकडे शेताच्या जमिनीला काळी म्हणतात, आणि माणसं पिढ्यान् पिढ्या राहून राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी जी माती भुरकट होते तिला पांढरी. गावाच्या उत्तरेला तिचं मोठं टेकाड होतं. ती माती धाब्याच्या घरांवर घातली की छत गळत नाही, म्हणून उन्हाळ्यात लोक गाड्या भरभरून न्यायचे. उकरताना खापरं निघायची, मणी निघायचे, शंखाच्या बांगडीचे तुकडे निघायचे. मामा ते वेचून आणायचे. सर शंखाचा तुकडा बोटांत फिरवायचे. "समुद्र कुठं, हे गाव कुठं. मिठाच्या गोनीबरूबर आला असंल."

आणि एकदा म्हणाले, "ह्या टेकाडात चार गावं हायेत, बाई, एकावर एक. आपलं पाचवं. खालच्यायला बी वाटत हुतं की आपन कायमचे हाओत."

त्या दिवसापासून मला घरात अनवाणी चालायला नकोसं वाटायला लागलं.

माझं तिसरं वर्ष. सुट्टी लागायला आठवडा होता, शाळा सकाळची होती. अकराच्या सुमाराला शाळा सुटता सुटता टेकाडावर माती भरणारी एक बाई धावत आली. "सर, टेकाडाला भोक पडलंय. आत पोकळ हाये." एवढं सांगून ती हापशावर पाणी प्यायला बसली. सर छत्री न घेता निघाले. मागून मामा, त्यांच्या मागून मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. बघावंसं वाटलं म्हणून गेले.

टेकाडाच्या कुशीत सुपाएवढं भोक होतं. वरची फरशी फुटून आत पडली होती. त्या बाईचा नवरा टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला गाडी भरत होता. त्याच्या फावड्याचा आवाज तेवढा येत होता. आणि जे सर विहिरीत डोकावत नसत ते भोकाच्या काठावर पालथे पडले आणि डोकं आत घातलं.

"पेव हाये," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "बाई, पेव हाये. भिताडं भाजलेली हायेत. अन् तळाला दाना हाये. काळा दाना. जळालेला. म्हनून तर टिकला."

पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं. पूर्वी गावोगाव असायचे. मी कधी बघितला नव्हता. मी वाकले तर आतून कोंदट, जड, उबारा मारणारा वास आला.

आता जे सांगायचं आहे ते मला नेमकं सांगितलं पाहिजे. पेवात हवा मरते हे सरांना माहीत होतं. दर वर्षी आठवीला ते स्वतः शिकवायचे की पेव उघडलं की रात्रभर उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, आणि कंदील विझला तर उतरायचं नाही. आणि मला माहीत होतं. त्याच आठवड्यात मी बरणीत जळती मेणबत्ती सोडून ती विझलेली मुलींना दाखवली होती. हा वायू जड असतो, खाली साचून राहतो, हे माझंच वाक्य.

सर उठून बसले. सदऱ्याला माती लागली होती. पलीकडच्या फावड्याच्या आवाजाकडे त्यांचे कान होते. "आता गाव गोळा होनार," ते पुटपुटले. "धन निघालं म्हनून हाकाटी होनार. एक दाना राहनार न्हाई. पायाखाली भुगा होईल."

"मी उतरू का?" मामा म्हणाले. गाडीवाल्याचा दोर तिथंच पडला होता. त्यांनी तो उचलून बाजूच्या बाभळीच्या बुंध्याला बांधलासुद्धा. "टोपलीभर वर काढून ठिवतो. मंग येऊ दे गावाला."

सरांनी पुन्हा भोकात बघितलं. मामांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, चेष्टेत.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. "आधी कंदील." एवढेच. मी तोंड उघडलं. पण मी सगळ्यांत लहान होते, त्यांच्या घरात राहत होते, आणि ते माझ्या दुप्पट वयाचे, ह्या मातीत जन्म काढलेले. त्यांच्यापुढं मी काय सांगणार? ते म्हणतील, पुस्तकातलं पुस्तकात ठेवा. एवढ्याशा लाजेची मला भीती वाटली. आणि तेवढ्यात सर म्हणाले,

"उतर. जल्दी कर."

मी तोंड मिटलं.

मामा दोर धरून, भिंतीला पाय देत उतरले. दीड पुरुष खोल असेल. खालून आवाज आला, "सर, दानेच हायेत. कोळसाच झालाय बिलकुल. हातात घेतले की..." मग थांबले. मग म्हणाले, "पाय..." आणि भरलेलं पोतं खाली टेकावं तसा आवाज झाला.

"मामा?" सर म्हणाले. "मामा? अरे मामा!"

त्यांची किंकाळी ऐकून गाडीवाला धावत आला. आत बघितलं आणि दोराला हात घातला. मी त्याचा सदरा दोन्ही हातांनी धरला. "उतरू नका! आत हवा न्हाई! तुम्ही बी जाल!" टेकाड दणाणेल इतका मोठा आवाज माझा. दोन मिनिटांपूर्वी तो कुठं होता, हे मी पुढं हजारदा विचारलं आहे.

गाडीवाल्याची बायको पोचली होती. तिनं पलीकडची गाडी इकडच्या अंगाला हाकून आणली. मी सांगत गेले आणि ते दोघं करत गेले. पोती दोरीला बांधून भोकातून खालीवर, खालीवर, हवा हलावी म्हणून. बैलांसाठी आणलेलं पाणी आत ओतलं. सर बाजूला उभे होते. भर उन्हात त्यांचे दात वाजत होते. मला वाटलं, हे आता पळून जातील. मग त्यांनी सदरा काढला, गाडीचा दुसरा दोर छातीला बांधला आणि म्हणाले, "मी."

"आत श्वास घेऊ नका," मी म्हणाले. "वीस मोजते. मग ओढणार."

मी वीस मोजले. इतके लांब वीस मी पुन्हा कधी मोजले नाहीत. ते रिकामे वर आले, डोळे लाल, तोंडातून लाळ. मी म्हणाले, पुरे. त्यांनी ऐकलं नाही. दोनदा खोल श्वास घेतला आणि पुन्हा उतरले. ह्या वेळी अठराला दोर हलला. मामांच्या काखेखालून त्यांनी बाभळीचा दोर घातला होता. आम्ही तिघांनी सरांना वर घेतलं. मग मामांचा दोर बुंध्याचा सोडून गाडीला बांधला आणि गाडीवाल्यानं बैल पुढं हाकले. मामा त्या भोकातून वर आले ते निळे पडलेले, मान लोंबती. त्यांच्या मुठीत काळे दाणे होते.

छाती किती वेळ दाबली मला आठवत नाही. त्यांनी उलटी केली तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. गाडीत घालून हमरस्ता गाठला, तिथं एक ट्रक थांबवला आणि अंबडच्या दवाखान्यात नेलं.

हेडमास्तर मागोमाग आले. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली त्यांनी विचारलं, "त्याला उतरवलं कोनी?"

"मी थांब म्हनत हुतो," सर म्हणाले. "ऐकला न्हाई."

मग हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. सरही बघत होते. त्या नजरेत विनवणी नव्हती, नुसती भीती होती, लहान पोराच्या डोळ्यांत असते तशी. मी मान हलवली. हो म्हणून.

मामा जगले. त्या दिवसातलं त्यांना काहीच आठवलं नाही. सकाळी घंटा दिली तेवढं आठवायचं. गावानं सरांना डोक्यावर घेतलं. विहिरीला भिणारा माणूस मामासाठी दोनदा पेवात उतरला! आणि ते खरंच होतं. ती दोनदाची उडी मी डोळ्यांनी बघितली आहे.

पण मामा पहिले राहिले नाहीत. बोलणं संथ झालं, हात थरथरायला लागले, आणि मोजणं गेलं. चार टोल्यांच्या जागी सहा पडायचे, सहाच्या जागी दोन. सावली बघायचे आणि तिचं काय करायचं ते त्यांना कळायचं नाही. पोरं हसायची. हेडमास्तर त्यांना दुसरं काम द्यायला निघाले तेव्हा सर मध्ये पडले. त्या दिवसापासून प्रत्येक तास संपायच्या आधी सर आपला वर्ग सोडून बाहेर यायचे, मामांच्या शेजारी उभे राहायचे आणि हात वर करून एकेक बोट उघडायचे. बोट उघडलं की मामा टोला द्यायचे. मूठ मिटली की थांबायचे. तासातासाला, पावसात, उन्हात, ताप असला तरी. इन्स्पेक्टर आले त्या दिवशीसुद्धा. नवीन आलेल्यांना ते बघून हसू यायचं. मी खिडकीकडे पाठ करून उभी राहायची.

पेव त्यांनी स्वतः बुजवलं. एकट्यानं, पाट्या भरभरून, सुट्टीतले आठ दिवस. कुणाला कळवलं नाही, कुठं पत्र लिहिलं नाही. टेकाडावर पुन्हा गेले नाहीत. वर्गात राजांची नावं पाठ करून घ्यायला लागले, आणि मिठाचं कुणालाच विचारेनासे झाले. लोक म्हणायचे, बरं झालं, सुधारले.

मला ठाऊक होतं की त्यांना आता एकाच गोष्टीची भीती उरली आहे, आणि ती मी आहे. मी काकूंशी बोलत बसले की ते काहीतरी निमित्त काढून तिथं यायचे. काकू पाटावर बसवून मामांना जेवू घालायच्या, त्यांच्या थरथरत्या हातातला पेला धरायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांचं थोडं ऐकलं असतं तर, भाऊ." मामा हसायचे. सर खाली मान घालून जेवायचे. आणि मी, मला त्यांची भीती वाटायची, कारण त्यांनी तोंड उघडलं असतं तर माझंही त्यात येणार होतं. एका छपराखाली तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांना असे भिऊन राहिलो. मंठ्याला बदली झाली तेव्हा मी सुटल्यासारखी गाडीत बसले.

त्यानंतर गाठ पडली ती एकदाच. मधे बरीच वर्षं गेली, नवं शतक लागलं. सर निवृत्त होऊन काकूंसह जालन्याला मुलीकडे राहायला आले होते. शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला कळवलं की मामा गावी झोपेतच गेले. मी आठ दिवसांनी जालन्याला गेले.

जावई, मुलगी कामावर होते. सर खिडकीशी खुर्चीत. आणखी वाळलेले, पण आवाज तोच. काकूंनी माझा हात धरून थोडं रडून घेतलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

"मातीला गेल्तो," सर म्हणाले. "खांदा दिला."

बाहेर रिक्षा थांबली, निघून गेली. मग मी म्हणाले, कारण आता नाही तर कधीच म्हणणार नव्हते, "सर, त्या दिवशी मला कळत होतं. आधी कंदील सोडा, असं म्हणणार होते. तोंड उघडलं होतं मी. बोलले नाही. इतकी वर्षं झाली, पण..."

"मला दिसलं हुतं," सर म्हणाले.

"काय?"

"तुमी तोंड उघडलेलं. बराबर दिसलं मला, बाई. काय म्हननार ते बी कळलं. तुमी म्हनल्या असत्या तर मला थांबावं लागलं असतं. अन् मला थांबायचं न्हवतं. दाना पाह्यजे हुता." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "म्हनून तर जल्दी म्हनलो. तुमी बोलायच्या आत. लई गोष्टींला भ्यालो मी, पन त्या घडीला तुमी बोलाल ह्याचं जे भेव वाटलं, तसं कशाचंच न्हाई वाटलं. अन् तेला उतरवला."

इतकी वर्षं जी चूक मी एकटीची समजत होते ती त्यांनी माझ्याआधी हातात घेतलेली होती. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तेव्हा कपबश्यांचा आवाज झाला. काकू आतल्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी पुढं येऊन ट्रे स्टुलावर ठेवला, नीट, थेंबही न सांडता. मग सरांकडे बघितलं.

"उतर म्हनलात? तुमी?"

सरांनी मान वर केली नाही.

"माझ्या भावाला?"

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. दार लावलं नाही. पण आतून भांड्याचा नाही, पावलाचा नाही, कसलाच आवाज येईना.

मंठ्याची चारची गाडी होती. मी पिशवी उचलली. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. नजर आतल्या दारावर होती आणि ती तिथून हलत नव्हती.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "लगेच जाऊ नका. थोडं बसा."

मी पिशवी खाली ठेवली आणि बसले.